पंपात उरलेलं औषध

सर,

तुमच्या तेरवीहून परतताना, दिग्रसच्या बसस्टँडवर, बाबांनी मला सांगितलं की त्या वर्षी जाळीघरात औषध त्यांनी मारलं होतं. तुम्ही सांगितलं म्हणून मारलं होतं. मग यवतमाळची गाडी लागली आणि आम्ही चढलो.

तुम्ही गेलात तो दिवस त्याच्या आधीचा. त्या दिवशी मी रडले, वर्गावर गेले नाही, आणि तुम्ही दिलेली पुस्तकं कपाटातून काढून एकेक पुसून ठेवली. तो दिवस मला समजला होता. बसस्टँडवरचा दिवस अजून समजत नाही. आपल्या कापूस संशोधन केंद्रातल्या जुन्या मंडळींनी तुमच्यावर दोन पानं मागितली होती, ती मी लिहून दिली. त्यात तुमचं शिक्षण आहे, तुमची कामं आहेत, तुम्ही घडवलेले विद्यार्थी आहेत. हे मात्र तुमच्याशी बोलायचं आहे.

बाबा तक्रार करत नव्हते. उलट तुमचं कौतुक चाललं होतं. जेवण झालेलं, ऊन उतरायला लागलेलं. बाकावर बसून दुपट्ट्यानं तोंड पुसत ते म्हणाले, "भला माणूस गेला. साहेबासारखा कधी वागलाच नाही. तुही झाडं मरून राह्यली होती, तं सरायनं मलेच बलावलं ना."

"कोणती झाडं?"

"अवं, ते जाळीतली. तुले टायफाइड झालता तवा. मी तुह्या सुट्टीचं सांगाले गेलतो केंद्रात. तिथं सराची माय आलती गावावून. म्हातारी त्या कुंड्याइकडं पाहे अन् म्हणे, 'काहून रे बापू, जगाले शिकवतं अन् तुह्या हातची पऱ्हाटी अशी लाल? आपल्या घरात असं वावर कोणी ठेवलं नाई. रस्त्यावून जाणारा काय म्हणन?' सरायनं आयकून घेतलं. मंग मले बाजूले घेतलं. म्हणे, 'भाऊ, पंप आहे, औषध आहे, पण तुमच्यासारखा हात कोणाचा नाई. एक डाव मारून द्या.'"

"आणि तुम्ही मारलं?"

"मारलं ना. तुहीच झाडं होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून? काई चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. त्यांना मी कधी खोटं सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुमच्यामुळे सांगितलं.

पंप हा शब्द आपल्या तिघांत काय होता, हे तुम्ही विसरणं शक्य नाही. बीटी बियाणं आपल्याकडे गावोगाव पोचलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की फवारणी संपली. बोंडअळी काही वर्षं खरंच दबली. पण पानाखाली बसून रस पिणाऱ्या किड्यांना त्या बियाण्याची काही भीती नव्हती. तुडतुडे, मावा, पांढरी माशी वाढत गेली आणि पंप पुन्हा माणसांच्या पाठीवर चढला. माझ्या बाबांच्या पाठीवरून तर तो कधी उतरलाच नव्हता. दुसऱ्यांच्या वावरात रोजानं औषध मारणं हाच त्यांचा धंदा. लोक लांबून बोलवायला यायचे, कारण बाबांच्या हातानं पानाची खालची बाजूही सुटत नसे.

एका हंगामात औषध मारता मारता ते डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, कपाशीत, कोसळले. सरकारी दवाखान्यात त्यांचे हात खाटेला बांधून ठेवले होते, कारण ते हवेतलं काहीतरी सारखं झटकत होते. मी तेव्हा तुमच्या हाताखाली नुकतीच लागले होते. तुम्ही आलात. स्टूल नव्हतं म्हणून दुसऱ्या पेशंटच्या खाटेच्या कडेवर बसलात. बाबा शुद्धीवर आले आणि मी त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शब्द घेतला की यापुढे पंपाला शिवायचं नाही. ते घुटमळले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "द्या ना शब्द, भाऊ. पोरगी तुमच्यासाठीच तं काम करून राह्यली." तुमच्या बोलण्यावर त्यांनी शब्द दिला. पुढे ते जिनिंगच्या कारखान्यात चौकीदारीला लागले. पगार कमी होता, पण संध्याकाळी त्यांच्या अंगाला वास येत नसे. मला वाटायचं, हे तुमच्यामुळे झालं. काही अंशी ते तसं होतंही.

म्हणून विचारते. औषध मारायला माणूस हवा होता, तर केंद्रात मजूर होते. तुम्ही स्वतः होतात. काहून माझे बाबा?

लसणाची कल्पना तुमची. मला तुम्ही ती फळ्यावर समजावली नव्हती, आपण केंद्राच्या मागच्या पायरीवर डबे उघडून बसलो होतो आणि तुम्ही माझ्या डब्यातली चटणी बोटावर घेऊन दाखवली होती. लसणाच्या पानात एक प्रथिन असतं, लेक्टिन. ते एका ठरावीक साखरेला ओळखतं आणि तिला धरून बसतं. तुडतुड्याच्या आतड्याच्या भिंतीवर तशी साखर असते. रसाबरोबर लेक्टिन पोटात गेलं की ते तिथे चिकटतं. किडा पितो पण अंगी लागत नाही, आणि हळूहळू पिणंच सोडतो. ते प्रथिन बनवणारं लसणाचं जनुक कपाशीत बसवायचं, आणि तेही असं की रस वाहणाऱ्या नळ्यांतच जागं राहील. मी वहीत उतरवून घ्यायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "लिहून काय राह्यली? तुडतुड्याले लसणाची चटणी चाराची, झाडाच्याच हातानं. इतकंच आहे."

इतकंच नव्हतं. कपाशी हे हट्टी झाड. पेशींतून रोप उठवायचं म्हटलं की त्यांचा गोळा तपकिरी पडतो आणि मरतो. माझी उमेदीची वर्षं त्या तपकिरी गोळ्यांत गेली. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत राहून जी थोडी रोपं तगली ती आपण केंद्राच्या जीपमधून आणली. बंद पेटी माझ्या मांडीवर होती. रस्त्यात खड्डा आला की तुम्ही पुढून ड्रायव्हरला ओरडायचे, "हळू ना बाप्पा, मागं बाळंतीण आहे!" माझं लग्न झालेलं नव्हतं. मी लाजून खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि ड्रायव्हर पुढचा सगळा रस्ता मला "ताई, पाणी पाह्यजे का, ताई, बसायचं नीट आहे का" असं विचारत राहिला. त्या प्रवासाची आठवण आली की मला अजून हसू येतं. तेच खटकतं. तुमच्यावर रागावायला बसले की मध्येच अशी एखादी जीप येते.

पानात लेक्टिन उतरलं का, हे पाहायला आपण सशाचं रक्त वापरलं. पानाचा रस थोड्या रक्तात घातला आणि वाट पाहिली. लेक्टिन नसेल तर रक्ताचे कण तळाशी जमून लाल टिकली होते. असेल तर कण एकमेकांना धरून राहतात आणि तळाशी टिकली न होता फिकट चादर पसरते. साध्या कपाशीच्या रसाखाली टिकल्या पडल्या. आपल्या झाडांच्या रसाखाली चादर. तुम्ही चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि बाहेर गेलात. आलात ते गरम आलुबोंडे घेऊन. सगळ्या केंद्राला वाटलेत. वॉचमननं विचारलं, "सर, काय खुशखबर?" तर म्हणालात, "पोरगी पास झाली."

त्यानंतर उरली होती ती फक्त किड्यांची परीक्षा. जनुक बसलं होतं, प्रथिन पानात होतं. तुडतुडे ते पिऊन उपाशी राहतात का, एवढंच पाहायचं होतं.

तुडतुडे मी भेंडीवर वाढवले. पाचरीच्या आकाराचे, फिके हिरवे, हात लावायला गेलं की तिरपे चालणारे. त्यांनी रस प्यायला की कपाशीचं पान कडेनं पिवळं आणि मग लाल पडत जातं. तुम्ही त्याला सुजाताची शाळा म्हणायचे. सकाळी आलात की आधी प्रश्न, "हजेरी घेतली का व?" जाळीघरात मी लसणाच्या आणि बिनलसणाच्या कुंड्या मिसळून लावल्या. वर फक्त नंबर. कोणत्या नंबरात काय आहे हे मोजणाऱ्यालाही मोजताना आठवू नये, हा तुमचाच नियम. "डोळे फितूर असतात," तुम्ही म्हणायचे, "जे पाहाचं असते तेच पाहतात."

आणि एक नियम होता, तो तुम्ही मला जाळीघरातल्या पहिल्याच आठवड्यात, नंबर लावायच्या आधी, दिला होता. साध्या कुंड्यांतली रोपं पिवळी पडायला लागली तेव्हा मी त्यांना चोरून जास्त पाणी घालत होते. तुम्ही पाहिलंत. रागावला नाहीत. म्हणालात, "बिनलसणाच्या झाडावर माया कराची नाही, सुजाता. त्याचा जीव जाऊ द्याचा असते. तो गेला तरच दुसऱ्याचा वाचला हे समजते." हे वाक्य मी पुढे वर्गात मुलांना कितीदा सांगितलं असेल. नाव न घेता सांगायची, "आमचे सर म्हणायचे."

आपला वाद मात्र अर्धाच राहिला. मी म्हणायची, हे बियाणं झालं तर असं व्हावं की माणसाला घरचंच सरकीचं बी पुढच्या वर्षी पेरता यावं. तुम्ही म्हणायचे, आधी किडा तर मरू दे. मी म्हणायची, मारायचा नाही, उपाशी ठेवायचा आहे. तुम्ही हसायचे आणि मग गंभीर व्हायचे. "तुडतुडेही शिकतील. आज लसूण सोसत नाही, उद्या सोसतील."

"शिकू द्या," मी म्हणायची. "त्यांना शिकायला जितकी वर्षं लागतील तितकी वर्षं पंप खाली राहील."

"अन् मंग?"

"मग दुसरं काहीतरी शोधू. तुम्ही आहात ना."

मी तुडतुडे सोडले आणि थोड्या दिवसांत मला टायफाइड झाला. तापात मी तुडतुड्यांचीच हजेरी घेत होते असं आई सांगते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाबांना मळमळलं, डोकं धरून ते दाराशी बसले. आई म्हणाली, पोरीचा ताप बापाले लागला. मी पडल्या पडल्या त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "कायले रडतं? काई नाई झालं." त्या दिवशी ते तुमच्या जाळीघरातून आले होते. जाळीत वारा नसतो सर. मोकळ्या वावरात औषध मारलेला माणूस जिथे कोसळतो, तिथे बंद जाळीत काय होईल, हे तुम्हाला कोणी शिकवायला हवं होतं का? तुम्ही त्यांना तोंडाला बांधायला रुमाल दिला होता, असं बाबा सांगतात. तेही कौतुकानं सांगतात. "आपला सोताचा रुमाल दिला ना."

मी परत आले तेव्हा जाळीघर हिरवं होतं. सगळंच. मी पानं उलटून पाहिली. तुडतुडा कुठेच नव्हता. लसणाच्या झाडांवर नव्हता आणि बिनलसणाच्या झाडांवरही नव्हता. कित्येक झाडांची खालची पानं खुडलेली होती. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बुरशीसारखं काहीतरी दिसलं, म्हणून काढून टाकली."

मी विश्वास ठेवला. मग आपण दोघांनी नंबरांची यादी उघडली. फरक शून्य. मी म्हणाले, सर, किडेच मेले असतील, पुन्हा सोडते. तुम्ही खिडकीकडे पाहत म्हणालात, "त्यात काही अर्थ नाही. तू वाढवलेले किडे मुळातच अशक्त होते, असं मला वाटतं. आणि चाचणीची सरकारी परवानगी याच हंगामापुरती आहे."

तुम्ही माझ्याशी इतकं पुस्तकी कधी बोलत नसत. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर नाराज आहात.

तेव्हापासून मी ते अशक्त किडे सांभाळले, सर. माझं काय चुकलं, भेंडी जून होती का, गर्दी जास्त झाली का, ताप अंगावर काढून मी नीट पाहिलं नाही का. माझ्या हातानं सगळ्यांची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली, ही गोष्ट मी पाणी पिता पिता, वही तपासता तपासता स्वतःला सांगत राहिले. दुसऱ्या केंद्रात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला नाही. ज्याचे किडे अशक्त निघतात त्यानं कशाला जावं? घाटंजीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागले. तुम्हीच शिफारस केली होती. मी पेढे घेऊन तुमच्या पाया पडायला आले होते.

अहवालात तुम्ही लिहिलंत की अपेक्षित परिणाम आढळला नाही. नियमाप्रमाणे झाडं आणि बी नष्ट करायचं होतं. केंद्राच्या मागे खड्डा खणला. मी स्वतः कुंड्या उचलून आणल्या. बियांच्या पाकिटांवर माझ्याच अक्षरात नंबर होते. शेवटचं पाकीट माझ्या हातात राहिलं तेव्हा तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं, तुम्ही ते ठेवून घेताय, नियम मोडून, माझ्यासाठी. तुम्ही ते आगीत टाकलंत. मग म्हणालात, "चल. चहा घेऊ."

मी तुमच्या जागी उभं राहून पाहायचा प्रयत्न केला आहे. तुमच्या आईला मी ओळखत होते. तिच्या ओसरीवर मी बसले आहे, तिच्या हातचं शरबत प्यायले आहे. पऱ्हाटीच्या घरात वाढलेल्या माणसाला लाल पडलेलं झाड बघवत नाही, हे मला कळतं. तुम्ही अहवालात कपाशी लिहायचे, पण आतून ती पऱ्हाटीच होती. आणि मायनं सगळ्यांसमोर विचारलं की रस्त्यावून जाणारा काय म्हणन, तर त्या क्षणी तुम्ही शास्त्रज्ञ राहिला नाहीत, बापू झालात. एवढं मी माफ करू शकते. एका दुपारचं मी काहीही माफ करू शकते. पुढची सगळी वर्षं मला करता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी भांडले असते, बाबांवर चिडले असते, आणि भेंडी पुन्हा पेरली असती. पुन्हा परवानगी मागायला तुम्हाला लिहावं लागलं असतं की पहिल्या वेळी काय झालं. तेवढं एक वाक्य तुम्हाला जड गेलं. त्याच्या जागी तुम्ही मला ठेवलंत.

तुमचा फोन येत राहिला. पहिला प्रश्न नेहमी तोच, "बाबा कसे आहेत? खोकला नाही ना? डोळे?" मी सगळ्यांना सांगायची की आमच्या सरांसारखे सर नाहीत, आधी माझ्या बाबांची चौकशी करतात. आता मला तो प्रश्न वेगळा ऐकू येतो. तुम्ही माझ्या बाबांची नव्हे, स्वतःची तब्येत विचारत होतात. आणि तरीही, तुम्हाला त्यांची खरंच काळजी होती, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मिळून मला झोप लागत नाही.

शेवटची भेट झाली ती तुमच्या घरी. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात हलके झाले होते. मी लसणाची चटणी आणली होती, आईच्या हातची. तुम्ही वास घेतलात आणि हसलात. "फोडणी दिली का आज तुडतुड्याले?" इतक्या वर्षांनी तुम्ही स्वतःहून तो विषय काढलात, म्हणून मी धीर केला. कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "सर, माझे तुडतुडे खरंच अशक्त होते का हो?"

काकू चहा ठेवायला आत गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही चटणीच्या डब्याचं झाकण लावलंत. नीट, चारी बाजूंनी दाबून.

"हो," तुम्ही म्हणालात. "होतं असं कधीकधी. त्यात तुझी चूक नाही."

सर, एवढं तरी म्हणायला नको होतं. नाही म्हणायचं नव्हतं, तर गप्प राहायचं. तुम्ही जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मी राहणार होते. तुम्ही मला माझ्या चुकीची माफीही देऊन टाकलीत, आणि ती चूक माझी नव्हतीच. मी घरी जाताना हलकी होऊन गेले होते. आईला म्हणाले, सरांनी मनातलं काढून टाकलं.

तेरवीच्या त्या दिवशी गाडीत बाबांना खिडकी दिली. दारव्हा मागे पडलं. मग विचारलं, शक्य तेवढ्या साध्या आवाजात.

"बाबा, तुम्ही औषध सगळ्या कुंड्यांवर मारलं, की लाल पडलेल्यांवरच?"

"सरायनं सांगतलं, लाल आहे त्यावरच मारा."

लाल तेवढ्यावरच मारलं असेल, तर ज्यांच्यावर मारलं नाही ती मी परत आले तेव्हा औषधाशिवाय हिरवी होती. लसणाच्या जोरावर हिरवी. मी सीटची दांडी धरली.

"मग तेवढ्यावरच मारलं?"

"हाव, आधी तेवढ्यावरच मारलं. पण पंपात उरलं ना थोडं. मंग बाकीच्याइवर फिरवलं."

"का?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेडं विचारलं आहे. "पंपात उरलेलं कोणी सांडून देते का व? धुऱ्याच्या ओळीवर तरी मारतेच माणूस."

मारतोच. माझ्या लहानपणापासून मी पाहत आले आहे. दिवस संपताना पंपाच्या तळाशी जे उरतं ते शेवटच्या ओळींवर, बांधावरच्या तुरीवर, कशावरही फिरवायचं, पण मातीत ओतायचं नाही. तुम्हीही ते पाहत मोठे झालात. म्हणून तुम्ही जाळीच्या बाहेर उभे राहून त्यांना थांबवलं नसेल. त्यात काही वावगं आहे असं तुमच्या दोघांच्याही मनात आलं नसेल. तेवढ्या उरलेल्या औषधानं सगळं सारखं झालं, आणि विचारायला काही शिल्लक राहिलं नाही.

"बाबा, लाल किती होती? हिरवी किती?"

"आता ते कसं सांगू माय. काई लाल होती, काई हिरवी होती."

"हिरवी होती? नक्की?"

"होती ना. एक लाल, तं बाजूचं हिरवं. मले नवलच वाटलं. म्हटलं एकाच ठिकाणी असून असं काहून?" मग त्यांनी डोळे चोळले. "पण डोळे माहे दवाखान्यात होतो तवापासून असेच ना. धरून नको चालू."

तुम्ही तर शेजारी उभे होता, सर. तुमचे डोळे चांगले होते. मागाहून लाल पानं खुडलीत तीही तुम्हीच. लाल कुंड्यांचे नंबर तुम्ही पाहिले का? मी परत आल्यावर आपण नंबर उघडले तेव्हा मनातल्या मनात ताडून पाहिलं का? मला आता राग आहे तो याच एका गोष्टीचा. तुमचं बाकी सगळं मी हळूहळू कुठेतरी ठेवून देईन. पण लसणाची झाडं हिरवी होती की नव्हती, हे तुम्हाला कळलं असेल, तर ते सांगणं तुमच्यावर बाकी होतं. आणि कळलं नसेल, तुम्ही नजर फिरवून उभे राहिला असाल, तर तुम्ही मला जे शिकवलं ते सगळं त्या दुपारी जाळीबाहेर टाकून दिलंत.

डोळे फितूर असतात, हे तुमचंच शिकवणं. बाबांची आठवण पुरावा होत नाही. मी वर्गात कोणाला होऊ देणार नाही. स्वतःलाही देत नाही.

जाळीघराचा सांगाडा अजून उभा आहे, त्यात आता मिरचीची रोपं असतात. बी जळालं. परवानगी संपली. पंप आमच्या घरी नाही. तुमच्या आईला हे कधी कळलं नाही आणि बाबांना मी कळू देणार नाही. बाबा म्हणतात, काही झाडं हिरवी होती. किती, आणि कोणती, हे त्यांना आठवत नाही.